बंद जिनिंग विकू नका, उघडा

खान्देशात जुनी मिल किंवा जिनिंग (कापसातली सरकी काढून रुई करायचा कारखाना) बंद पडली की पुढं काय होतं हे आता कुणालाही सांगता येईल. मशिनरी भंगारात जाते, फाइल बँकेतून कोर्टात आणि कोर्टातून बँकेत फिरत राहते, आवारात बाभळी माजतात, मग एक दिवस जेसीबी येतो आणि प्लॉट पडतात, नाहीतर लॉन, मंगल कार्यालय, शॉपिंग कॉम्प्लेक्स. माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक गावात निदान एक तरी अशी जागा पाडू नये आणि विकूही नये, नगरपालिकेनं किंवा सरकारनं ती ताब्यात ठेवावी आणि तिथं प्रदर्शनाची, गाण्याबजावण्याची, नाटकाची, वाचायची बसायची जागा करावी. आणि ती जागा चालवायला तिथं राबलेली माणसं आणि इथले कलावंत पाहिजेत, नुसते उद्घाटनाला बोलावून शाल-नारळ द्यायला नाही तर निर्णय घ्यायला. हा दुसरा भाग नसेल तर पहिल्या भागाचा मला फार उपयोग वाटत नाही.

आपली शहरं कापसावर उभी राहिली आहेत हे आपण विसरत चाललोय. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे झाला, त्याच सुमाराला रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि जळगाव म्हणजे पूर्वीचं साधं गाव बघता बघता कापसाची पेठ झालं. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. पुढं प्रताप शेठजींनी अमळनेरला प्रताप मिल काढली, धुळ्याला न्यू प्रताप मिल झाली, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल. आणि गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंग तर मोजायच्याच नाहीत, धरणगाव, पारोळा, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, कुठंही जा, गावात एक तरी जुनी जिनिंग असते आणि लोक अजून पत्ता सांगताना तिचं नाव घेतात.

अमळनेरचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथं मिलच्या पैशातून शाळा झाली, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर झालं, नंतर कॉलेज झालं. साने गुरुजी १९२४ पासून तिथल्या शाळेत शिकवत होते आणि पुढं मिल कामगारांच्या लढ्यात उतरले. म्हणजे एका तालुक्याच्या गावात भोंगा, तत्त्वज्ञान आणि लाल बावटा तिन्ही एकत्र नांदत होते. मिल आणि संस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं इथं कधी नव्हतंच, म्हणून मिलमध्ये कलाकेंद्र हे काहीतरी परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

मग सगळं का बंद पडलं, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. जुनी यंत्रं बदलली नाहीत, पॉवरलूमचं स्वस्त कापड आलं, मालकांनी पैसा दुसरीकडं वळवला. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात धुळे आणि चाळीसगावच्या मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेल्या पण तेवढ्यानं त्या वाचल्या नाहीत. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल आहे. तिथं जाणाऱ्या विशीतल्या पोराला विचारा की बाबा हे नाव कुठून आलं, बहुतेकांना आपल्या भागाचं नाव आहे एवढंच माहीत असतं. जी मिल त्या शहराच्या पहिल्या कारखान्यांपैकी एक, जिच्या पगारावर पिढ्या जगल्या, तिची ओळख अशी पुसली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथं जे झालं ते झालं, पण बाकीच्या गावांनी तरी आता थांबून विचार करावा.

आता इमारतीचं बोलू, कारण हा मुद्दा लोक पटकन उडवून लावतात, पडीक शेड आहे, काय ठेवलंय त्यात म्हणतात. मिलची जुनी शेड आठवून बघा, करवतीच्या दात्यांसारखं छत असतं, एक बाजू तिरकी पत्र्याची किंवा कौलाची आणि दुसरी उभी काचेची, आणि ती काच उत्तरेकडं तोंड करून असते. ती उगाच तशी नसते. आपल्या बाजूला ऊन बहुतेक काळ दक्षिणेकडून येतं, उत्तरेच्या काचेतून नुसता उजेड येतो, ऊन येत नाही, सावल्या हलत नाहीत, म्हणून साच्यावर म्हणजे मागावर तुटलेला धागा दिवसभर नीट दिसायचा. आता चित्रांच्या प्रदर्शनाला काय लागतं तर नेमका हाच उजेड लागतो! चित्रकार असा स्टुडिओ मिळावा म्हणून तडफडतात आणि आपण तो फोडून लोखंड किलोवर विकतो. शिवाय मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ पर्यंत जातो, त्यात जुन्या जाड भिंती आणि उंच छत म्हणजे काय सुख असतं ते काचेच्या नव्या बिल्डिंगमध्ये बसणाऱ्याला विचारा, एसी बंद पडला की तिथं माणूस बसू शकत नाही.

आणि जिनिंगचं तर आवारच बघा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, शेकडो बैलगाड्या एका वेळी उभ्या राहतील, वळतील, बैल सोडता येतील, पाणी पाजता येईल, माणसं रात्री गाडीखाली झोपतील असं ते मोकळं आवार ठेवलेलं असायचं. रुईला आग लागायची भीती असते म्हणून गोदामं एकमेकांपासून लांब लांब. आता आपल्या खान्देशातल्या कला आठवा. वहीगायन, तमाशा, वगनाट्य, कानबाईच्या मिरवणुकीतली नाच-गाणी, सातपुड्यातला होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळीतले ढोल. यातलं काय खुर्च्या ठोकलेल्या बंद नाट्यगृहात बसतं? भोंगऱ्यात नाचणाऱ्यांची रांग केवढी लांब जाते ते बघितलेल्या माणसाला मी काय सांगू. या कला उघड्यावरच्या आहेत, गर्दीच्या आहेत, त्यात बघणारा आणि करणारा यांच्यात पडदा नसतो. जिल्ह्याच्या गावात कोट्यवधी घालून नाट्यगृह बांधायचं आणि मग भाडं परवडत नाही म्हणून स्थानिक ग्रुपनं शाळेच्या ग्राउंडवर प्रयोग लावायचा, हे आपण कितीदा बघितलंय. जिनिंगचं आवार या कलांना आधीपासूनच मापाचं आहे, ते नव्यानं बांधावं लागत नाही.

प्रदर्शन भरवणं हे तर खान्देशला नवीनच नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्याची सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि इथल्याच बांबूपासून, गावात मिळणाऱ्या सामानातून सगळं उभं करा असा आग्रह धरला. तिथं खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं, ते बघायला खेड्यापाड्यातून लोक आले होते. देशातला एवढा मोठा चित्रकार रावेर-यावलच्या भागात येऊन स्थानिक माणसांच्या हातून काम करून घेतो, ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगतं का? मला तर ही गोष्ट अशा केंद्राच्या पहिल्या भिंतीवर लिहिलेली हवी.

आणि चाळीसगावचे केकी मूस. त्यांनी आयुष्य चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या घरात काढलं, घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत आणि तिथं बसून जगानं दखल घ्यावी अशी छायाचित्रं केली. १९८९ ला ते गेले. त्यांचं घर म्युझियम म्हणून जपलंय ही मोठीच गोष्ट आहे, पण ज्या गावात असा माणूस होऊन गेला त्या गावात आजच्या फोटोग्राफर पोरीला आपले चाळीस फोटो लावायचे म्हटले तर भिंत कुठली? बँक्वेट हॉल बुक करा, एक दिवसाचं भाडं भरा, संध्याकाळी खिळे काढा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जुनी हस्तलिखितं सांभाळून ठेवलीत, असा ठेवा भल्या मोठ्या शहरांकडं नसतो. त्यातल्या निवडक वस्तूंची फिरती प्रदर्शनं लावायला नंदुरबार, शिरपूर, अमळनेरला नीट जागा हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच वेळी विद्रोही संमेलनही झालं, गाव भरून गेलं होतं, आणि मग मांडव निघाले. मांडव निघाल्यावर काहीतरी उरायला पाहिजे होतं.

यूट्यूबवर अहिराणी गाणी लाखो लोक बघतात, आपली पोरं मोबाइलवर शूट करून मोबाइलवर एडिट करतात आणि लग्नाच्या सीझनला राज्यभर ती वाजतात. त्यांना साधा साउंडप्रूफ रेकॉर्डिंग रूम गावात मिळत नाही, नाशिक-पुण्याला जावं लागतं. गाठी ठेवायच्या गोदामात दोन खोल्या त्यासाठी करता येतील. कलाकेंद्र म्हटलं की फक्त शास्त्रीय संगीत आणि तैलचित्रं एवढंच डोक्यात येत असेल तर ते केंद्र काढूच नका, कारण मग जिनिंगच्या शेजारच्या वस्तीतली बाई गेटाच्या आत पाय टाकणार नाही.

या बाईबद्दल मला जास्त सांगायचंय. जिनिंगमध्ये रेच्यापुढं, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापुढं, बसून कापूस घालायचं काम बहुतेक बायाच करत आल्या. दिवसभर रुईची धूळ नाकातोंडात जायची, खोकला कायमचा मागं लागायचा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा तो शंभरपेक्षा कमी कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, म्हणजे हंगामी जिनिंग त्यातून आरामात सुटल्या. १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढं खान्देशातल्या जिनिंगबद्दल साक्षी झाल्या त्यात पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत चालायचं आणि हंगामाच्या गर्दीत रात्रंदिवस चालायचं असं नोंदवलंय. या देशात कामाच्या तासांवर जी चर्चा सुरू झाली, तिच्यात आपल्या आज्या-पणज्यांचा घाम आहे. त्यांचं नाव कुठल्याच कोनशिलेवर नाही, कोनशिलेवर मालक आणि कलेक्टर. अशा इमारतीत नुसती सुंदर चित्रं टांगली आणि कॉफी शॉप काढलं आणि या बायांबद्दल एक ओळ लिहिली नाही, तर तो त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल असं मला वाटतं.

बाहेर काय झालं तेही बघू. जर्मनीत एसेनला झोलफेराइन नावाची कोळशाची प्रचंड खाण होती, १९८६ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. पाडायचा विचार होता, पण तिथल्या राज्य सरकारनं ती विकत घेतली, घाई न करता एकेक इमारत वापरात आणली, २००१ ला जागतिक वारसा झाली, २०१० ला कोळसा धुवायच्या इमारतीत त्या सगळ्या प्रदेशाचं म्युझियम उघडलं. आणि तिथं पाहुण्यांना फिरवणाऱ्यांत जुने खाणकामगार आहेत. लंडनचं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय जुन्या वीजघरात आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ते राजधानीचं उदाहरण आहे, आपल्याला त्यातून फार घेण्यासारखं नाही.

आपल्याला खरं शिकायचं असेल तर ब्राझीलमधल्या साओ पाउलोकडून. तिथं लोखंडी पिंपं बनवायचा जुना कारखाना होता, आर्किटेक्ट लीना बो बार्डी सत्तरच्या दशकात तो बघायला गेल्या तर आत वस्तीतली पोरं फुटबॉल खेळतायत, कुटुंबं येऊन बसलीत, म्हातारी माणसं गप्पा मारतायत. पाडून नवं बांधायची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली आणि ठरवलं की हे जे चाललंय तेच चालू राहिलं पाहिजे, आपण फक्त त्याला छप्पर नीट करून द्यायचं. १९८२ ला ते केंद्र सुरू झालं, सेस्क पोम्पेया, त्यात थिएटर आहे, वाचनालय आहे, सुतारकाम-कुंभारकामाच्या कार्यशाळा आहेत, स्वस्त जेवण आहे, पोहायचा तलाव आहे. आणि ती संस्था चालते कशी, तर व्यापारी आस्थापनांच्या पगारावर बसवलेल्या ठरावीक वर्गणीतून, म्हणजे दरवर्षी पैसा येतो, कुण्या मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी अक्कल यात आहे. आपल्याकडं बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही, म्हणून दोन वर्षांत गळती लागते, जनरेटर बंद, टॉयलेटला कुलूप.

आणि आपल्याच देशात कोचीला बघा. २०१२ मध्ये तिथलं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, सुरू झालं ते अ‍ॅस्पिनवॉल हाउस नावाच्या जुन्या मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात, पापुद्रे सुटलेल्या भिंतींवरच काम लावून. आधी रंगरंगोटी, फरशा, ग्रॅनाइट असं काही नाही. माणसं यायला लागली की इमारतीला आपोआप वाली मिळतो.

उलटं उदाहरण म्हणजे मुंबई. गिरणगावात ५८ गिरण्या आणि जवळपास ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमात ठरलं होतं की एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ ला त्यात बदल करून हा हिस्सा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता केला, शेड उभ्या असलेली जमीन त्यातून निसटली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल मान्य केला. मग मॉल, टॉवर, पब. कमला मिलच्या आवारात २०१७ च्या डिसेंबरअखेर आग लागून १४ जीव गेले. कामगारांची पोरं त्याच आवारात सिक्युरिटी गार्ड झाली. छोट्या गावातही नियमातला एक शब्द बदलून हेच होऊ शकतं, म्हणून विकास आराखड्यात इंडस्ट्रियल झोन बदलायची नोटीस पेपरात आली की हरकत नोंदवायला जा, दहा माणसं गेली तरी फरक पडतो.

आता विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही खरंच आहे. लोक म्हणतात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, पोरांना काम नाही आणि तुम्हाला कलाकेंद्र सुचतंय. मी त्यांना खोटं ठरवणार नाही, पाणी आधी पाहिजेच. पण मिलची जमीन विकून पाणी आलं असं कुठल्या गावात झालंय ते दाखवा. जमीन विकली की एकदाच पैसा येतो आणि तो जिकडं जायचा तिकडं जातो. राहिला प्रश्न कामाचा, तर जळगाव स्टेशनवर अजिंठ्याला जाणारे पाहुणे देशभरातून, जगभरातून उतरतात, गाडी करतात, लेणी बघतात आणि त्याच दिवशी निघून जातात. त्यांना एक संध्याकाळ थांबवेल असं काहीतरी गावात असलं, कळण्याची भाकरी, भरीत, वहीगायन, जुनी जिनिंग चालवून दाखवणारा माणूस, तर रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना मिळेल. फार मोठा रोजगार होईल असं मी म्हणत नाही, पण लॉनवर वर्षात मोजक्या तिथींना जे काम मिळतं त्यापेक्षा नक्की जास्त होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो म्हणजे कामगारांची थकलेली देणी. जिथं पीएफ, ग्रॅच्युइटी, पगार बाकी आहे तिथं ती देणी आधी भागली पाहिजेत, यात मला कसलीही तडजोड मान्य नाही. कंपनी गुंडाळताना कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरायची हे कायद्यातच आहे. ज्याचे पैसे बुडालेत त्याला तुमच्या कामाचं म्युझियम केलंय या असं कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून जिथं हा प्रश्न लटकलाय तिथं सरकारनं जमीन घेताना त्या रकमेतून पहिला चेक कामगारांच्या नावानं काढावा आणि मगच आर्किटेक्टला बोलवावं.

पैशाचं म्हणाल तर कंपनी कायद्याच्या १३५ कलमाखालचा दोन टक्के सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा, वारसा, कला आणि संस्कृतीवर खर्च करता येतो, परिशिष्टात तसं स्पष्ट लिहिलंय, ऐतिहासिक इमारतींची दुरुस्तीही त्यात येते. खान्देशात पाइप, चटई, डाळ, सोनं, दूध, केळी यांत मोठे झालेले उद्योग आहेत, त्यांच्यातल्या दहा जणांनी दरवर्षी ठरावीक रक्कम देऊन एक फंड केला तरी वीजबिल आणि चार माणसांचे पगार निघतील. जमीन पालिकेची, चालवणारा ट्रस्ट, ट्रस्टवर निम्मे लोक जुने कामगार, लोककलावंत, शिक्षक, आणि त्यात बाया असल्याच पाहिजेत. ठेकेदाराला तीस वर्षांच्या करारानं देणं म्हणजे विकणंच आहे.

काही बारीक गोष्टी पण महत्त्वाच्या. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात, त्यात बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फोडताना धूळ फुफ्फुसात जाते, तेव्हा मजुरांना सुरक्षेशिवाय तिथं चढवू नका. स्ट्रक्चरल ऑडिट करा, चिमणी झुकली असेल तर आधार द्या, लगेच पाडू नका. मशीन उरली असतील तर एक तरी रेचा, एक तरी प्रेस जागेवर ठेवा, रंग फासून चौकात उभं करू नका, कारण खालचा खड्डा, वरची बेल्ट, कापूस कुठून यायचा आणि गाठ कुठून निघायची हे जागेवरच समजतं. शेवटच्या एसटीच्या आधी कार्यक्रम संपला पाहिजे, नाहीतर खेड्यातली माणसं येणार नाहीत. पाट्यांवर मराठीबरोबर अहिराणी, पावरी, भिली असू द्या.

आणि एक काम असं आहे ज्याला ना निधी लागतो ना मंजुरी. मिलमध्ये ज्यांनी शेवटची पाळी केली ती माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. "तठे आम्ही काम करेल शे" असं सांगणारे जॉबर म्हणजे मुकादम, साचेवाले, रेच्यावरच्या बाया अजून आहेत. कॉलेजच्या पोरांनी या उन्हाळ्यात मोबाइल घेऊन त्यांच्याकडं जावं, जशी बोलतात तशी अहिराणीत रेकॉर्डिंग करावीत, पगाराची पावती, युनियनचं कार्ड, ग्रुप फोटो, जे काही ट्रंकेत असेल त्याचे फोटो घ्यावेत, नाव-गाव-साल लिहून ठेवावं. इमारत मिळायला दहा वर्षं लागली तरी चालेल, ती मिळेल तेव्हा आत लावायला हे सगळं तयार असेल, आणि कलेक्टर ऑफिसात जाऊन ही जागा आम्हाला पाहिजे असं म्हणताना हातात अर्जासोबत ही माणसंही असतील.